रिकाम्या खुर्चीवरचा उजेड

जिनत मणियारची गोष्ट सांगायची, तर ती एका खुर्चीपासून सुरू करावी लागते.

कोंढव्यातला लग्नाचा हॉल. वरचा मजला बायकांचा. दुपार नुकतीच कललेली. खाली बिर्याणीच्या डेगीखाली जाळ पेटलेला, त्याचा वास जिन्यानं वर चढतोय, आणि वर अजून कुणीच आलेलं नाही. मधोमध नवरीची खुर्ची, लाल मखमलीची, उंच पाठीची. तिच्या हातांवरचा सोनेरी रंग कितीएक मुलींच्या घामेजल्या मुठींनी झिजून गेलेला.

त्या रिकाम्या हॉलात जिनत एकटी वावरत असते. दिव्याचा स्टँड उभा करते. दिव्यापुढं पांढऱ्या कापडाची पेटी चढवते. फोटोवाले तिला सॉफ्टबॉक्स म्हणतात. तिचं काम एवढंच, की दिव्याचा कडकपणा गाळून घ्यायचा, दूध फडक्यातून गाळावं तसा. दुसऱ्या अंगाला ती थर्माकोलचा तक्ता टेकवते, म्हणजे उजेड भिंतीवर वाया जात नाही, परत फिरतो आणि सावलीत शिरतो. मग पर्समधून एक हिरवी काचेची बांगडी काढते आणि दोऱ्यानं खुर्चीच्या पाठीला बांधते. नवरीचे डोळे जिथं येणार, बरोबर तिथं.

ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती. दिवा लागला की काचेत एक ठिपका चमकतो. तो बांगडीच्या वरच्या कडेला आला की समजायचं, नवरीच्या डोळ्यांत जीव येणार. खाली उतरला तर डोळे विझल्यासारखे दिसणार. दिवा थोडा वर, थोडा खाली, थोडा तिरका. मग जिनत दाराशी जाते, कॅमेरा डोळ्याला लावते आणि रिकाम्या खुर्चीचा फोटो काढते. बघते. मान हलवते. पुन्हा काढते.

एवढ्यात जिन्यात बांगड्या किणकिणतात, अत्तर येतं, पोरीबाळींचा गलका येतो. जिनत कॅमेऱ्यातलं जुनं कार्ड काढून पर्समध्ये टाकते आणि कोरं कार्ड घालते. आता लग्न सुरू.

बायकांच्या बाजूला पुरुष फोटोवाला चालत नाही, म्हणून जिनतला बोलावतात. तिथं नवरीची ओढणी सरकलेली असते, आत्या-मावश्या कंबर कसून नाचत असतात, कुणी पाय पसरून चहा पीत बसलेली असते. हे फोटो घराबाहेर जाता कामा नयेत. म्हणून जिनतनं फार पूर्वीच एक रीत घालून घेतली होती. लग्नाचं कार्ड वेगळं. लग्न झालं की मुलीच्या घरी जायचं, मुलीच्या आईसमोर बसून फोटो निवडायचे, नीट करून त्यांना द्यायचे, आणि शेवटी ते कार्ड पांढऱ्या रुमालात गुंडाळून आईच्या हातावर ठेवायचं. आपल्याकडं एकही फोटो ठेवायचा नाही. अल्बम कुठं छापायचा, ते मग त्यांचं ते बघतात.

या रीतीमुळं कॅम्पापासून कोंढव्यापर्यंत तिचं नाव झालं. "जिनतआपाचा हात आणि जिनतआपाची जीभ, दोन्ही भरवशाची," असं बायका म्हणत.

आणि या रीतीमुळंच, इतकी वर्षं राबूनही, दाखवायला तिच्याकडं एकसुद्धा चेहरा नव्हता.

*

तिचे अब्बा रविवार पेठेत बांगड्या भरत. मणियाराच्या हातात कुठलीही बाई निःशंक हात देते. हिंदू असो, मुसलमान असो, नवी सून असो की सासू. पण मणियारानं मान वर करायची नसते. हात दाबून बघायचा, माप ओळखायचं, अंगठा आत वळवायचा आणि बांगडी सरकवायची. "अर्ध्या पुण्याचे हात या हातांतून गेले," अब्बा म्हणत, "पण चेहरा विचारशील, तर एक सांगता येणार नाही."

चेहरे जिनत बघायची. शाळा सुटली की ती अब्बांच्या स्टुलाजवळ पोत्यावर बसायची. बांगडी मनगटाच्या हाडाशी अडली की बाईच्या चेहऱ्यावर एक क्षणभर काय काय उमटून जातं, हे तिनं तिथं पाहिलं. दुखतं, पण बोलत नाही. मग बांगडी सरकते, आणि तोंड असं होतं, जसं पेरणी आटोपून घरी आलेल्या माणसाचं. अब्बा जे बघत नव्हते, ते सगळं लेकीच्या डोळ्यांत साठत गेलं.

पुढं ती गुलजारभाईंच्या कलर लॅबमध्ये काउंटरवर लागली. दुसऱ्यांनी काढलेले चेहरे दिवसभर हातांखालून जायचे. नाकाची सावली ओठावर कशी पडते, कपाळ का चमकतं, डोळ्यांखाली खड्डे का दिसतात, हे ती पाकिटं भरता भरता शिकली. मग जुना कॅमेरा घेतला. पहिल्या लग्नात कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश मारला, तर सगळ्या बायका पोलिसांनी टॉर्च मारल्यासारख्या दिसल्या. मग तिनं फ्लॅश छताकडं वळवला. मग छताचा पिवळा रंग चेहऱ्यावर उतरला, तेव्हा फ्लॅश सोडला आणि हा एक दिवा घेतला. न तापणारा. तापला तर नवरीचा मेकअप ओघळतो. दोन दिवे घ्यावेत असं तिला कधी वाटलं नाही. सूर्य तरी कुठं दोन असतात.

लेन्स निवडताना मात्र ती फार दिवस अडली होती. पन्नास मिलिमीटरची लेन्स घेतली, तर नवरीच्या चेहऱ्यासाठी पुढ्यात जाऊन उभं राहावं लागायचं, पार तिचा श्वास ऐकू येईल इतकं. पंच्याऐंशीची घेतली, तर दारातून सुद्धा चेहरा भरून यायचा. तिच्या हाताला पंच्याऐंशीचीच बसली. पन्नासची डब्यात पडून राहिली.

अब्बा गेले. अम्मी त्यांच्याही आधी गेली होती. धाकटा भाऊ शहाबाज शिकला, हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि वाकडला राहायला गेला. गंज पेठेतल्या दोन खोल्यांत जिनत, अब्बांचं स्टूल आणि न विकल्या गेलेल्या बांगड्यांचे डबे एवढेच उरले. लग्नाच्या दिवशी ती शेकडो बायकांत असायची. जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायची, भांडी आवरणाऱ्या बायकांच्या पंगतीला. अल्बम उघडला तर त्यात सगळा गोतावळा सापडायचा, पण ती नाही. विहिरीवर मोट असते, पाण्यात मोटेचं नाव नसतं, तसं.

*

"आपा, मी तुला नवा कॅमेरा घेऊन देतो," शहाबाज फोनवर म्हणाला. "मिररलेस. लिंक पाठवलीय, बघितलीस?"

"बघितली."

"मग?"

"कॅमेरा नको. मला शिकायचंय."

"आता काय शिकणार तू? लोक तुझ्याकडं शिकायला येतील. आणि शिकायचंच तर यूट्यूबवर सगळं फुकट आहे."

"यूट्यूब मला 'हे चुकलं' म्हणत नाही," जिनत म्हणाली.

शहाबाज हसला. त्याला तो विनोद वाटला.

पण ते खरंच तिचं दुखणं होतं. बायका फोटो बघत आणि "माशाअल्लाह" म्हणत. एवढंच. वर्षानुवर्षं एवढंच. कुणी कधी म्हटलं नाही, की अगं, इथं सावली जड झालीय. एकट्यानं शिकलेल्या माणसाचं असंच असतं. त्याला शाबासकी रस्त्यात भेटते, पण चूक दाखवणारा भेटत नाही. रोज तीच भाकरी थापावी, खाणाऱ्यानं मुकाट खावी आणि मीठ कमी की जास्त हे कधी कळूच नये, तसं तिला होत होतं.

बालगंधर्वच्या कलादालनात तिनं एक प्रदर्शन पाहिलं होतं. पूर्णिमा जोगदेव नावाच्या बाईंच्या विद्यार्थ्यांचं. एका म्हाताऱ्याच्या फोटोपुढं ती कितीतरी वेळ उभी राहिली. एकच दिवा होता, पण तो म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांत असा उतरला होता, जसं पाटाचं पाणी सरीसरीत उतरतं. फोटो काढणारा तरुण शेजारीच उभा होता. तो कुणाला तरी सांगत होता, "बाईंनी मला यासाठी तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा नुसतं हूं म्हणाल्या."

तीनदा परत पाठवलं. जिनतला त्या पोराचा हेवा वाटला.

*

पूर्णिमाबाई एरंडवण्यात राहत. बंगल्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिथं त्या मोजक्याच लोकांना चेहऱ्यावरचा उजेड शिकवत. बाई सत्तरीच्या, कृश, केस बारीक कापलेले, आणि बोलणं नखं कापल्यासारखं.

"काय काढता?"

"लग्नं. बायकांच्या बाजूची."

"आणि शिकायचं काय आहे?"

"चेहरे."

"वर्ग लवकरच सुरू होतोय. एकच जागा उरलीय. फोटो आणलेत?"

"नाही."

"मग काय, आठवणी आणल्यात?"

जिनतनं खाली बघितलं. मग तिनं कार्डाची रीत सांगितली. बाईंनी ऐकून घेतलं.

"रीत चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण मी डोळे मिटून प्रवेश देत नाही. तुम्ही काढलेला एक तरी चेहरा दाखवा. मग बोलू."

परतीच्या बसमध्ये जिनतच्या मनात एकच चेहरा होता. सुमय्याचा.

सुमय्याचं लग्न काही वर्षांपूर्वीचं. खाली वरात आली आणि वरच्या मजल्यावरच्या झाडून साऱ्या बायका नवरदेव बघायला खिडकीकडं धावल्या. नवरीला कुणी उठू देत नाही. भल्या मोठ्या हॉलात खुर्चीवर ती एकटीच राहिली. तिनं मेंदीचे हात मांडीवर उलटे ठेवले, मान वर केली आणि कुठंच न बघता बघितलं. त्याच क्षणी दारातून जिनतनं बटण दाबलं. असा फोटो तिच्या हातून ना आधी झाला होता, ना नंतर. कार्ड रुमालात बांधून देताना पहिल्यांदाच तिचा हात जड झाला होता.

*

सुमय्या आता कोंढव्यातच सासरी होती. जिनत स्वारगेटला बस बदलून गेली. दार सासूनं, अख्तरबानूंनी उघडलं.

"ये, ये जिनत. आज कॅमेऱ्याशिवाय? आमच्यात कुणाचं लग्न नाही म्हटलं तर तू येणारच नाहीस, असं वाटायचं मला."

"भेटायलाच आले, खाला."

"मग बस. शीरखुर्मा नाही, ईद गेली. चहावर भागव."

चहा झाला. अख्तरबानू नमाजासाठी आतल्या खोलीत गेल्या, तेव्हा जिनतनं हळूच विषय काढला. एक फोटो हवा आहे. एका बाईला दाखवायचा, बाईच आहे, वयस्कर आहे. लगेच परत आणून देईन.

"एवढंच ना?" सुमय्या उठली. कपाटातून अल्बम काढला, वरचं कापड सोडलं. "कुठला हवा? घ्या की."

जिनतनं पानं उलटली. मेंदी. हळद. नाचणाऱ्या आत्या. खुर्चीवरची हसरी सुमय्या, तिच्या दोन्ही बाजूंना मैत्रिणी. पानं संपली. तिनं पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"तो नाही यात?"

"कुठला?"

"वरात आली तेव्हाचा. तू एकटी होतीस तो. मी पहिल्या पानासाठी निवडून दिला होता."

मांडीवरच्या कापडाची घडी सुमय्यानं घातली, मोडली.

"तो मी काढून टाकायला लावला, आपा. छापलाच नाही."

"का गं?"

"त्यात मी फार एकटी दिसत होते. लग्नाचा फोटो असा असतो का?" आणि मग, जिनतला वाईट वाटू नये म्हणून घाईनं, "बाकीचे सगळे इतके छान आहेत."

"आणि कार्ड?"

"अम्मीनं अल्बम आल्यावर कात्रीनं कापून टाकलं. तुम्हीच नाही का सांगितलं होतंत, की हे तुमचं, ठेवा नाहीतर मोडा?"

हो, तसं जिनतनंच सांगितलं होतं. प्रत्येक आईला ती तसंच सांगायची.

अख्तरबानू बाहेर आल्या. अल्बम उघडा दिसला तशी म्हणाल्या, "हिला कितीदा सांगते, रोज उघडू नकोस, पानं सुटतील." मग त्यांनी दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि चहाचे कप उचलून नेले.

*

त्या दिवशी घरी येऊन जिनत अब्बांच्या स्टुलावर कितीतरी वेळ बसून राहिली. रडू आलं नाही. पीक उभं असताना माणूस वाऱ्याला भितो. आडवं झाल्यावर नुसता बांधावर बसतो.

मग तिनं पर्समधलं जुनं कार्ड काढलं. लग्नाआधी उजेड बघायला वापरायचं ते, तिचं स्वतःचं. हे कुणाच्या आईला द्यावं लागत नव्हतं, कारण त्यात कुणीच नव्हतं. वर्षानुवर्षांच्या खुर्च्या तिनं कधी पुसल्या नव्हत्या. कार्ड भरलं की लॅपटॉपमध्ये उतरवायची आणि विसरून जायची.

ती एकेक खुर्ची उघडत गेली. लाल, निळी, मोरपंखी, एका गरीब घरातली प्लॅस्टिकची आणि वर टाकलेली जरीची चादर. प्रत्येकीवर हिरवी बांगडी, आणि बांगडीवर उजेडाचा ठिपका. कुठला दिवा कुणासाठी कुठं लावला होता, ते तिला सगळं आठवत होतं. ही खुर्ची ठेंगण्या मुलीची, म्हणून बांगडी खाली. इथं मुलीची नथ मोठी होती, म्हणून दिवा बाजूला, नाहीतर गालभर सावली पडली असती. आणि मग सुमय्याची खुर्ची आली. तोच हॉल, तोच उजेड, तोच लाल मखमलीवरचा मऊ उतार. सगळं होतं. फक्त ती यायची बाकी होती.

दुसऱ्या दिवशी जिनतनं निवडक खुर्च्या गुलजारभाईंच्या लॅबमध्ये मोठ्या आकारात छापून घेतल्या. गुलजारभाईंनी एकेक कागद उजेडात धरला.

"जिनत, लग्नं मोडली की काय सगळी?"

"माणसं यायचीत अजून, भाई."

"मग पत्रिका माझ्याकडं का नाही आल्या?" ते म्हणाले. पण कागद त्यांनी जपून, मध्ये पातळ कागद घालून बांधून दिले.

*

पूर्णिमाबाईंनी सगळे फोटो लांब टेबलावर ओळीनं मांडले. चष्मा पुसला.

"फर्निचरच्या दुकानाचं काम घेतलंय का?"

"नाही मॅडम. नवरी बसायच्या आधीच्या खुर्च्या या."

"मॅडम म्हणू नका, मी बँकेत नाही. आणि चेहरा?"

"होता एक. राहिला नाही," जिनत म्हणाली आणि सुमय्याची हकीकत तिनं थोडक्यात सांगितली.

बाई फोटोंकडं बघत टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या.

"ही बांगडी कशाला?"

"काचेत दिसतं, डोळ्यांत उजेड कुठं पडेल ते."

बाई वाकल्या. जवळून बघितलं. मग म्हणाल्या, "उजेड तुम्हाला कळतो. हे मी सहसा म्हणत नाही, तेव्हा ऐकून घ्या. परत म्हणणार नाही." आणि थोडं थांबून, "चूक सांगू?"

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते समोर आल्यावर जिनतला पळून जावंसं वाटलं.

"सांगा."

बाईंनी एका फोटोच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. तिथं एक काळपट पट्टी होती. मग दुसऱ्या फोटोवर. तिथंही पट्टी. तिसऱ्यात ती उजवीकडं होती.

"हे काय?"

"दाराची चौकट."

"जिथं बघावं तिथं चौकट. हॉल मोकळा आहे, चिटपाखरू नाही, तरी तुम्ही दारात उभ्या. लेन्स कुठली?"

"पंच्याऐंशीची."

"ती का घेतलीत?"

"लांबून काढता येतं. नवरीला संकोच वाटत नाही."

"खुर्चीला कसला आलाय संकोच?"

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. खराट्याचा आवाज तेवढा खोलीत येत राहिला.

"तुम्ही दिवा त्यांच्या उशाशी नेऊन ठेवता आणि स्वतः उंबऱ्यात थांबता," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला नव्हता, पण हळू झाला होता. "मला एक चेहरा आणून दाखवा. एकच. जवळून काढलेला, पन्नासच्या लेन्सनं. शनिवारपर्यंत जागा धरून ठेवते. मग देऊन टाकणार."

*

एक चेहरा. गावात एवढी माणसं, आणि जिनतला एक चेहरा मिळेना. खालच्या मजल्यावरची सून आधी तयार झाली, मग नवऱ्याला विचारून आली आणि नको म्हणाली. अख्तरबानूंना विचारायचं तिच्या मनात आलं, पण त्या घराकडून आणखी काही मागायला तोंड नव्हतं. तिनं शहाबाजला फोन केला.

"माझा काढ की," तो म्हणाला. "त्यात काय विचारायचं?"

"मग ये. शुक्रवारी ये."

"या शुक्रवारी? आपा, या आठवड्यात रिलीज आहे. मान वर करायला वेळ नाही. पुढच्या आठवड्यात नक्की."

"बरं," जिनत म्हणाली. तोवर जागा गेलेली असेल, हे तिनं त्याला सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी तिनं खोलीच्या मधोमध अब्बांचं स्टूल ठेवलं. डब्यातून पन्नासची लेन्स काढली, फुंकर मारली, कॅमेऱ्याला लावली. तिपाई पुढं ओढली, आणखी पुढं ओढली, इतकी, की स्टुलावर बसून हात लांबवला तर कॅमेऱ्याला लागेल. आजवर या अंतरावर ती कुणाच्याच पुढं उभी राहिली नव्हती.

मग ती बांगडी घेऊन उभी राहिली आणि अडली. स्टुलाला पाठ नव्हती. बांगडी बांधायची कुठं? आणि किती उंचीवर? जिना चढून येणाऱ्या मुलीकडं एकदा बघून तिचे डोळे खुर्चीत कुठं येतील, हे सांगणारी बाई ही. पण आपले स्वतःचे डोळे बसल्यावर कुठं येतात, हे तिला माहीत नव्हतं. तिनं स्टूल भिंतीशी नेलं, टेकून बसली, डोळ्याजवळ बोट धरलं आणि भिंतीवर सुरम्याच्या कांडीनं खूण केली, लहान मुलाची उंची मोजतात तशी. मग स्टूल परत मधोमध आणलं, कपडे वाळत घालायच्या दोरीला लांब दोरा बांधला आणि त्या खुणेच्या उंचीवर बांगडी स्टुलावर टांगली.

बांगडी हवेत थोडी फिरली, थांबली. जिनतनं दिवा वर-खाली केला. ठिपका वरच्या कडेला आला. तिनं बांगडीवर फोकस धरला, टायमर लावला, बांगडी बाजूला केली आणि तिच्या जागी स्वतः बसली.

पहिल्या फोटोत तिचं तोंड गिऱ्हाइकापुढं असतं तसं आलं, हसरं आणि बंद. दुसऱ्यातही तसंच. ती उठायची, बघायची, पुन्हा बसायची. मग कधीतरी खालच्या गल्लीत कुणाची तरी वरात वाजत आली. ताशा जवळ आला, दारापुढून गेला. आजूबाजूच्या घरांत खिडक्या उघडल्याचे आवाज झाले. तिचं एक मन खिडकीकडं जायला उठलं आणि बसलेल्या जिनतनं मान वर केली. अब्बांनी जन्मभर जी मान वर केली नाही, ती. तेवढ्यात टायमर संपला आणि फोटो निघाला.

कॅमेऱ्याच्या पाठीवर तो फोटो बघितला आणि तिला तो चेहरा ओळखीचा वाटला. हात मांडीवर उलटे, डोळे कुठंच न बघणारे. सुमय्या अशीच होती. फरक एवढाच, की सुमय्याचा हॉल मिनिटभरानं पुन्हा भरला होता.

तिचं बोट पुसायच्या बटणावर गेलं. "फार एकटी दिसत होते," सुमय्या म्हणाली होती. तेव्हा जिनतला ते पोरीचं अडाणीपण वाटलं होतं, आणि आता, एवढ्या जवळून, त्या पोरीनं असं का केलं ते तिला कळलं. स्वतःला असं बघायला छाती लागते. सुमय्याला घरभर माणसं होती. तिला तो फोटो नको असणं बरोबरच होतं.

बोट बटणावर राहिलं. ताशा लांब गेला. मग तिनं बोट काढून घेतलं.

*

शनिवारी पूर्णिमाबाई त्या एकाच फोटोपुढं बराच वेळ उभ्या राहिल्या.

"बसलंय कोण?"

"मीच."

"काढलाय कुणी?"

"मीच."

"म्हणजे तक्रार घेऊन कुणी येणार नाही," बाई म्हणाल्या. मग फोटोतल्या हनुवटीखाली बोट नेलं. "इथं सावली जड झालीय. थर्माकोल खाली सरकवायला हवा होता. बघितलंत?"

"हो," जिनत म्हणाली. तिनं खरंच बघितलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकल्यावर तिनं पुन्हा वाकून त्या सावलीवर स्वतःचं बोट ठेवलं.

"सोमवारी या. पन्नासची घेऊन. पंच्याऐंशीची घरी ठेवा."

संध्याकाळी घरी आल्यावर जिनतनं कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं. हात सवयीनं पांढऱ्या रुमालाकडं गेला. तिनं कार्ड रुमालात ठेवलं, चारी कोपरे आत घेतले, गाठ मारली, आणि मग रुमाल हातात तसाच घेऊन उभी राहिली. आता तो मुलीच्या आईच्या हातावर ठेवायचा असतो.

खोलीत संधिप्रकाश उतरला होता. दोरीवरची बांगडी अजून तशीच टांगलेली होती, भिंतीवरच्या सुरम्याच्या खुणेसमोर. जिनतनं अब्बांच्या बांगड्यांचा एक डबा उघडला, काचांच्या मध्ये जागा केली आणि तो रुमाल तिथं ठेवून झाकण लावलं.